धरणातलं शीड

दोन वर्षांपूर्वी गणपती पोचवून आठ दिवस झाले आणि माझे यजमान मुंबईची नोकरी सोडून कायमचे घरी आले. ह्यांच्याबरोबर टेम्पोत दोन पेट्या, एक टेबलफॅन, गादीची वळकटी आणि ताडपत्रीत गुंडाळलेली एक लांबलचक फळी होती. पोलादपूरपासून आमच्या वाडीपर्यंतचा रस्ता नुसता वळणांचा. फळी टेम्पोच्या मागून दोन हात बाहेर आलेली, म्हणून हे सगळा रस्ता मागे बसून ती धरून आले होते. वाडीतली माणसं बघायला जमली. ताडपत्री सुटल्यावर शेजारच्या जाऊबाईंनी विचारलं, "भावोजी, ह्यो दरवाजा कंच्या खोलीला बसवायचा?"

"ह्यो पाण्यात बसवायचा," हे म्हणाले आणि हसले.

मला तरी कुठे सगळं माहीत होतं. चोवीस वर्षं हे मुंबईत समुद्रकाठच्या एका क्लबात कामाला होते. कुणी विचारलं की मी "बोटीवर आहेत" एवढंच सांगायची. खरं तर तिथे बोटींपेक्षा ह्या फळ्याच जास्त. फळीच्या मधोमध काठी उभी करायची, काठीला शीड, आणि शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून माणसानं उभ्याउभ्या वाऱ्यावर पाण्यावरून जायचं. त्याला विंडसर्फिंग म्हणतात. सुरुवातीला हे फळ्या धुवायचे, फाटकी शिडं शिवायचे. मग बघूनबघून स्वतः शिकले आणि पुढे नव्या लोकांना शिकवायला लागले. निघताना क्लबानं ह्यांना एक जुनी फळी, काठी आणि लहानमोठी दोन शिडं देऊन टाकली.

हे सगळं माझं ऐकलेलं. गणपतीला आठ दिवस आणि शिमग्याला आठ दिवस हे घरी यायचे, त्यात कौलं, दवाखाना, मुलीची शाळा आणि नंतर मुलीचं लग्न. रजा कधी संपायची ते कळायचं नाही. मी अंगणवाडीत आहे. सकाळ पोरांत जायची, दुपार शेतात. हे तिकडे काय करतात ते मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं आणि मी इकडे काय करते ते ह्यांनी.

वाडीच्या खाली लहानसं धरण आहे. ऑक्टोबरात ते काठोकाठ भरलेलं असतं. एका दुपारी ह्यांनी फळी तिकडे नेली आणि मीही मागोमाग गेले. खरं सांगायचं तर मला उत्सुकता होती, आणि थोडी लाजही वाटत होती, पन्नाशी उलटलेला नवरा गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून सगळ्यांदेखत पाण्यात शिरणार म्हणून.

हे फळीवर उभे राहिले, दोरीनं शीड पाण्यातून वर ओढलं, दांडा धरला, आणि दहा हात गेले नाहीत तोच वारा थांबला. ज्या शिडाला हे रेलले होते त्यात वाराच उरला नाही, त्यामुळे पाठीवर पाण्यात. पुन्हा उभे राहिले. या वेळी वारा बाजूनं आला आणि शिडासकट पालथे. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण अकरा वेळा पडल्याचं माझ्या लक्षात राहिलं. काठावर कपडे धुणाऱ्या बायका आधी हसल्या, मग मात्र धुण्याकडे वळल्या.

घरी येताना ह्यांनी एवढंच म्हटलं, "समुद्राचा वारा सांगून येतो गो. इथला खोटारडा हाय." आणि थोड्या वेळानं, "नाय तर मीच संपलोय."

ते दुसरं वाक्य मला आवडलं नाही. रात्री जेवणं झाली, सकाळ झाली, तरी ते माझ्या डोक्यात होतं. त्या आठवड्यात आमचं लवकर पिकणारं हळवं भात झोडून झालं होतं आणि वारवायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "आज खळ्यावर चला माझ्यासंगं."

"मला नाय येत वारवायला."

"कुठनं येईल? तुम्ही कवा खळ्यावर होतात?"

मला टोचून बोलायचं नव्हतं, पण ते टोचलं. ह्यांनी मान खाली घातली आणि सूप उचललं.

खळ्यावर मी ह्यांना शेजारी उभं केलं. सूप डोक्याच्या वर धरून दाणे हळूहळू सोडायचे. दाणा सरळ पायाशी पडतो आणि फोल वाऱ्याबरोबर पलीकडे जातं. वारा फिरला की फोल तुमच्याच तोंडावर येतं. म्हणून वारवणाऱ्या बाईचं लक्ष सुपाकडे कमी आणि आजूबाजूला जास्त असतं. ह्यांच्या तोंडावर तीनदा फोल आलं. मग मी दाखवायला लागले. दुपारचा वारा महाडच्या बाजूनं, खाडीकडून वर येतो. तो जोराचा असतो, पण आमच्या समोरच्या टेकाडाला अडतो आणि दोन बाजूंनी वळून येतो, म्हणून एकदा डावीकडून लागतो, एकदा उजवीकडून. मधे थांबतो तो दम खायला. त्या वेळी सूप खाली घ्यायचं. आणि घाटावर ढग जमले असतील तर हा वारा एकदम पडतो. पाचदहा मिनिटं पान हलत नाही. मग समोरच्या उतारावरचं गवत वरपासून खालपर्यंत झोपत येताना दिसतं. ते दिसलं की भात झाकायचं, कारण मागून घाटाचा वारा येतो आणि तो काही ठेवत नाही.

हे सूप हातात तसंच धरून ऐकत राहिले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाय. उभी राहून राहून कळलं."

त्यानंतर हे रोज दुपारी खळ्यावर यायला लागले, आणि वारवणं उरकलं की आम्ही धरणावर. मी काठावरच्या खडकावर बसायची. वारा कुठून वळतोय ते मला झाडांवरून आधी कळायचं आणि मी हात करून दाखवायची. चौथ्या की पाचव्या दिवशी जोराचा वारा सुटला. पाण्यावर काळसर सुरकुत्या धावत यायला लागल्या. मला वाटलं आज नको, पण ह्यांनी लहान शीड लावलं, मागे रेलून उभे राहिले आणि फळी सरसर निघाली. इतकी वेगात की तिच्या मागे पांढरी रेघ उठत होती. टेकाडाजवळ वारा वळला तसे हेही कमरेतून वळले, शीड या अंगावरून त्या अंगावर घेतलं आणि परत आले. काठाजवळून जाताना मला ह्यांचा चेहरा दिसला. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे असे दिसायचे. नंतर हा चेहरा कुठे होता तर तिकडे होता, मुंबईच्या पाण्यावर. तिथल्या अनोळखी लोकांनी तो रोज पाहिला होता. मला आनंद झाला आणि मत्सरही वाटला. दोन्ही एकाच वेळी.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी उकाडा फार होता. हे पाण्याच्या मध्यावर असताना वारा पडला. मी घाटाकडे पाहिलं तर ढग काळे झालेले. आमचं ठरलं होतं की काही दिसलं तर मी ओढणी हलवायची. गवत झोपत येताना दिसलं तशी मी उभी राहून ओढणी हलवायला लागले. ओरडले. पण शीड ह्यांच्या आणि माझ्या मधे होतं, ह्यांना काही दिसलं नाही.

वारा पाण्यावर आदळला. शीड वर उचललं गेलं, हे त्याच्याबरोबर पुढे फेकले गेले, आणि पुन्हा पाहिलं तेव्हा काठी फळीपासून सुटली होती. काठी आणि फळी जोडणारा रबरी सांधा जुना होता, तो तुटला. हे फळीवर पालथे पडून होते, एका हातानं शिडाची दोरी धरलेली. वारा ह्यांना पलीकडच्या काठाकडे ढकलत निघाला. मग पाऊस आला आणि पलीकडचा काठ दिसेनासा झाला.

ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं, काय बी झालं तरी फळी सोडायची नाय, फळी बुडत नाय. मी ते मोठ्यानं म्हणत धावत सुटले. धरणाला वळसा घालून पलीकडे जायला पाऊण तास लागतो. वाट डोंगराच्या पायथ्यानं जाते. तळीये गावावर दरड कोसळल्यापासून आमच्याकडे अवेळी पाऊस लागला की माणसं आधी डोंगराकडे बघतात. मी पण बघत होते, एकदा डोंगराकडे, एकदा पाण्याकडे. चप्पल चिखलात राहिली. चोवीस वर्षं मी ह्यांच्याशिवाय घर चालवलं, आजारपणं काढली, मुलगी नात्यात दिली, आणि एवढ्या काळात मला कधी वाटलं नव्हतं की ह्यांच्याशिवाय माझं अडेल. त्या वाटेवर वाटलं.

हे एका जांभळीखाली बसले होते. फळी शेजारी, शीड दगडानं दाबून ठेवलेलं. तळहात सोलले होते. मला बघून उठायला गेले, पण मीच खाली बसवलं.

"लागलं का?" मी विचारलं.

"हातांना. बाकी काय नाय."

मी ओढणी पिळून दोन तुकडे केले आणि हातांना बांधले. मग मला रडूच आलं. हे घाबरले. "अगो, तिकडं असं कितीदा तरी झालंय. दोन-दोन तास पडून राहायचो पाण्यात."

"मला कवा सांगितलं नाय."

"सांगून काय करणार होतीस? तू इथं, मी तिथं." मग म्हणाले, "पण आज पडून होतो तेव्हा एक माहीत होतं. तू चालायला लागली असशील."

पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो. हे पुढे, मी मागे, मधे फळी. शीड गुंडाळून फळीवर बांधलेलं. ह्यांच्या हातांमुळे दर शंभर पावलांवर खाली ठेवावी लागत होती. घरी पोचेपर्यंत अंधारून आलं.

मला वाटलं होतं आता हे सोडून देतील, आणि सोडलं असतं तर मला बरंही वाटलं असतं. पण दिवाळीनंतर हे महाडला टायरवाल्याकडे गेले, जाड रबराचा तुकडा कापून आणला आणि चार दिवस बसून सांधा घडवला. घुटमळत घुटमळत एक दिवस मला म्हणाले, "वारा तुला कळतो. खडकावर कशाला बसतेस? तूच उभी राहा."

"ह्या वयात?"

"वय फळीला कळत नाय."

माहेरी सावित्री नदीच्या डोहात मी लहानपणी पोहलेली आहे, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. भीती लोकांची होती. म्हणून कपडे धुणाऱ्या बायका गेल्या की आम्ही जायचो. मी जुना पंजाबी ड्रेस घालायची, वर ह्यांचं पाण्यात तरंगवणारं केशरी जाकीट. हे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फळी धरायचे आणि शिकवायचे. पाठ वाऱ्याकडे. शीड हातानं नाय, अंगाच्या भारानं ओढायचं. मागचा हात आत घेतला की वारा भरतो, सोडला की सुटतो. "भ्यायला झालं की मागचा हात सोड. बस. बाकी काय लक्षात ठेवू नको." नव्या लोकांना शिकवताना हे असेच बोलत असणार, असं मला वाटायचं, न चिडता, तेच तेच पुन्हा सांगत. घरात मी ह्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

पहिले चार दिवस मी नुसती पडत होते. पाचव्या दिवशी जाऊबाई काठावर येऊन बसल्या, त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं. मी शीड वर ओढलं. टेकाडाच्या उजवीकडची झाडं हलली, म्हणजे वारा त्या बाजूनं येणार होता. मी पाऊल थोडं सरकवलं, थांबले, आणि तो पोचला तेव्हा मागचा हात आत घेतला. फळी माझ्या पायाखालून निघाली. ह्यांचा हात सुटला. मागून हे पाण्यात धावत येत असल्याचा आवाज आला आणि तोही मागे पडला. दांडा हातात ताणलेल्या दाव्यासारखा ओढत होता, ओढणीनं बांधलेले केस सुटले, आणि समोर सगळं पाणी मोकळं होतं.

वळायचं कसं ते मला शिकवलं नव्हतं. म्हणून काठाचे दगड जवळ आले तशी मी सरळ उडी मारली. पाणी छातीएवढंच होतं. हे धापा टाकत आले.

"हात सोडायचा ना गो. किती लांब गेलीस."

"सोडावासा वाटला नाय."

काठावरून जाऊबाई विचारत होत्या, मला कवा बसवताय. ह्यांनी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि मला फळी फिरवायला लावली, कारण उजेड अजून होता आणि वारा टिकून होता.