त्या लाटेवर मी उभी होते का?

मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे पिंपात भरून ठेवायची गोष्ट. पोहायला मी शिकले ते तिशी उलटल्यावर, नेदरलँड्समध्ये येऊन. इथे पाचसहा वर्षांच्या पोरांनाही पोहण्याचा डिप्लोमा काढायला लावतात. मुलीच्या क्लासला काचेपलीकडे कॉफी पीत बसून बसून मलाच लाज वाटायला लागली आणि मी मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं.

पोहता येतं म्हटल्यावर ऑफिसातल्या एका डच मैत्रिणीने मला हेगजवळच्या समुद्रावर नेलं. ती पन्नाशीची, उंच, आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारी. तरुणपणापासून सर्फिंग करायची. तिथलं पाणी मातकट आणि इतकं गार की जाड रबरी सूट घालूनही हात बधिर व्हायचे. लाटा गुडघाभर. त्या गुडघाभर लाटांवरून मी पहिल्या वर्षी फक्त पडले. मग कधीतरी बोर्डावर उभी राहिले, किनारा सरळ माझ्या अंगावर चालून आला आणि मी मराठीत जोरात ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी मी तिच्याबरोबर जायला लागले.

मैत्रीण आणि तिचा भाऊ दर वर्षी इंडोनेशियातल्या एका लांबच्या बेटावर सर्फिंगला जात. एकदा ती म्हणाली, "या वेळी तूही चल. एकदा गरम पाण्यातली लाट बघ." मी घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "जा की. पोरीचं मी बघतो." सोलापूरला आईला मी नुसतं फिरायला जाते म्हणून सांगितलं. सर्फिंग म्हणजे काय हे तिला फोनवर समजावून सांगणं माझ्याच्याने झालं नसतं.

ती २०२०ची सुरुवात. चीनमधल्या आजाराच्या बातम्या येत होत्या, पण त्या बातम्या होत्या. आम्ही विमानाने, मग मोठ्या बोटीने, मग मासेमारीच्या छोट्या होडीने त्या बेटावर पोचलो. नारळाची झाडं, थोडी घरं, आणि फोनला अजिबात रेंज नाही.

तिथली लाट म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. आमच्या इथली लाट वाळूवर फुटते, म्हणून रोज वेगळी. तिथे पाण्याखाली प्रवाळाचा खडक आहे. खोल समुद्रातून आलेलं पाणी त्या खडकावर चढतं आणि एकाच जागी, एकाच तऱ्हेने फुटत जातं. बाजूला खोल पाण्याची वाट असते, तिथे लाट विरते. तिथपर्यंत गेलात तर सुटलात. आधी पडलात तर खाली खडक. आणि पाणी इतकं नितळ की खडक हातभर अंतरावर आहे असंच वाटायचं. पहिले काही दिवस मी होडीत बसून नुसतं बघत होते.

"खाली बघू नकोस," मैत्रीण म्हणाली. "जिथे बघशील तिथेच जाशील."

निघायला एकदोन दिवस उरले तेव्हा समुद्र जरा शांत झाला आणि मी पाण्यात उतरले. हाताने पाणी मारत लाटांच्या बाजूने पलीकडे गेले, ते आठवतं. बोर्डावर बसून वाट बघितली, ते आठवतं. निळे मासे पायाखालून जात होते. मग मागून पाणी फुगलं आणि मैत्रीण ओरडली, "ही तुझी! मार हात, मार!"

त्यापुढे मी होडीत आहे. अंगावर टॉवेल, तोंडात रक्ताची चव, मैत्रिणीच्या भावाने माझं डोकं दोन्ही हातांत धरलेलं. मधलं काही नाही. पुसट आठवतं असंही नाही, नाहीच.

आणि मैत्रीण माझ्याकडे बघून म्हणतेय, "हो, उभी राहिलीस. खोल पाण्यापर्यंत गेलीस. अगदी शेवटी पडलीस आणि बोर्ड डोक्यावर आला."

ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. बंदराच्या गावी एका दवाखान्यात टाके घातले तेव्हा, विमानात उलट्या झाल्या तेव्हा, मी मनात म्हणत होते, पण मी गेले, शेवटपर्यंत गेले.

स्खिपोल विमानतळावर नवरा न्यायला आला होता. मी त्याच्याकडे चालत गेले तर तो दोन पावलं मागे सरला. "थांब जरा," तो म्हणाला. "तू किती विमानतळांवरून आलीयेस." त्याने बॅग घेतली, पण मला जवळ घेतलं नाही. गाडीत खिडक्या उघड्या ठेवल्या. मला वाटलं, आमचं भांडण झालेलं असणार आणि मी ते विसरले. काय बोलले होते मी त्याला? घर येईपर्यंत मी आठवत होते. विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारलं असतं तर मी विसरले हे त्याला कळलं असतं.

तेव्हा माझी अवस्था अशी होती. डोक्याला मार लागल्यामुळे मला काय काय आठवत नाही ते मलाच माहीत नव्हतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाहेरचं जग बदललं. बाउटनफेल्डर्टमधल्या आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात गेले तर जमिनीवर पट्ट्या चिकटवलेल्या. लोक एकेका पट्टीवर उभे. दारातल्या माणसाने मला ट्रॉली घ्यायची खूण केली. मला फक्त कोथिंबीर हवी होती, मी ट्रॉली कशाला घेऊ? तो काहीतरी बोलला. मला एकही शब्द कळला नाही. डच मला चांगलं येत होतं, मी परीक्षा दिली होती. आता तो माणूस बोलत होता आणि नुसते आवाज येत होते. मी घरी परत आले आणि नवऱ्याला विचारलं, "आपण आधीपासून ट्रॉली घेऊनच आत जायचो का?"

तो हसला. "अगं, हे सगळं नवीन आहे, अंतर राहावं म्हणून. सगळ्यांचाच गोंधळ उडालाय."

हेच सगळे म्हणत होते. ऑफिसची मीटिंग स्क्रीनवर, इंग्रजीत. मी म्हटलं, माझं लक्ष लागत नाही, तर मॅनेजर म्हणाला, कोणाचंच लागत नाही. मी म्हटलं, कोणता वार आहे तेच कळत नाही, तर सगळे हसले, कारण कोणालाच कळत नव्हतं. माझा गोंधळ सगळ्यांच्या गोंधळात बेमालूम मिसळून गेला. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, फोनवरच, इंग्रजीत विचारून, तपासलं. डोक्याला हादरा बसलाय, विश्रांती घ्या, स्क्रीन बघू नका, असं सांगितलं. त्या दिवसांत स्क्रीनवर नाही असं काय उरलं होतं?

मुलगी आठ वर्षांची. तिची शाळा घरात आलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर कायम डचमध्ये. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये सांगायचं, असंच आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. आता ती बोलायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. एक दिवस ती पाय आपटत म्हणाली, "तू माझा ऐकत का नाही?"

मराठीत म्हणाली. मी म्हटलं, "ऐकतेय गं. कळत नाहीये."

ती निघून गेली. नंतर माझ्या खोलीत आली, पडदा ओढला आणि एकेक शब्द शोधत म्हणाली, "आई, तू झोप. मी दार लावतो. आवाज नाही करणार मी." लावतो, करतो, जातो. तिच्या कानावर बाबाचं मराठीच जास्त पडलेलं. मी तिला सुधारलं नाही. ती गेल्यावर उशीत तोंड घालून रडले, आणि रडल्यावर डोकं आणखी दुखलं.

नवऱ्यानेही त्या दिवशी माझं "कळत नाहीये" दारातून ऐकलं. तोवर त्यालाही वाटत होतं की मी इतरांसारखीच भांबावले आहे. त्याने डॉक्टरला परत फोन केला, या वेळी आवाज चढवून. उन्हाळ्यात, हॉस्पिटलं जरा मोकळी झाल्यावर, मेंदूच्या डॉक्टरांनी मला बघितलं. नंतर शिकलेल्या भाषा कधी कधी अशा मागे पडतात, हळूहळू येतील, असं ते म्हणाले. किती हळूहळू, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

दिवसाचे बरेच तास मी पडदे ओढून पडून असायचे. तिथे मला ती लाट दिसायला लागली. उजवीकडे हिरवी भिंत, उन्हाने आतून उजळलेली. माझा हात तिला लागतोय. पायाखाली बोर्ड थरथरतोय. मला इतका आनंद झाला! आठवण परत येत होती. मी मैत्रिणीला फोन लावला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "मला आठवतंय. भिंतीला हात लावला मी."

तिने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "छान."

पुढे तिच्या भावाने चौकशीला फोन केला. तोही तेच बोलेल असं धरून मी लाटेचा विषय काढला. तो गोंधळला. "तू उभी कुठे राहिलीस? मी तुझ्या मागेच होतो. गुडघा टेकलास आणि बोर्डाचं टोक पाण्यात घुसलं. सरळ डोक्यावर आपटलीस तू."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काय फरक पडतो? जिवंत आहेस ना?"

"मला पडतो."

"कशाने?"

"डोक्यातलं सगळं इकडचं तिकडे झालंय माझ्या," मी म्हटलं. "एकच चांगली गोष्ट हाताशी आहे. ती तरी घडलीये का, एवढं कळू दे."

त्याने चहा ठेवला. साखर दोनदा घातली, इतका तोही गोंधळलेला होता.

मैत्रिणीची आणि माझी समोरासमोर भेट झाली ती पुढच्या वर्षी वसंतात. वाळूच्या टेकडीवरच्या बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. वारा बोचरा होता. माझं डच बरंचसं परतलं होतं. मी सरळ विचारलं, "तुझा भाऊ वेगळं सांगतो. खरं काय?"

तिने हात कोटाच्या खिशात घातले. "होडीत तू सारखं एकच विचारत होतीस," ती म्हणाली. "मी उभी राहिले का? मी उभी राहिले का? मी म्हटलं, माहीत नाही, मी लाटेच्या मागे होते, मागून काही दिसत नाही. तू मान डोलावलीस. आणि मिनिटाभरात पुन्हा तेच विचारलंस. पहिल्यांदाच विचारतेयस असं. किती वेळा, मोजलं नाही मी. प्रत्येक वेळी माहीत नाही म्हटलं की तुझा चेहरा पडायचा. मला ते बघवेना. शेवटी मी हो म्हटलं."

"मग?"

"तू गप्प झालीस. पुन्हा विचारलं नाहीस."

मला यातलं काही आठवत नव्हतं. मी विचारत होते हेच मुळी मला नवीन होतं.

"म्हणजे तू खोटं सांगितलंस."

"तेही माहीत नाही," ती म्हणाली. या बाईला इतकं चाचरताना मी कधी पाहिलं नव्हतं. "तुझं डोकं लाटेच्या वर दिसलं होतं मला, क्षणभर. उभं असल्याशिवाय ते दिसणार नाही. पण ते खरंच तेव्हा दिसलं, की एकदा हो म्हटल्यावर दिसायला लागलं? वर्षभर मी हेच उगाळतेय."

"आणि भाऊ?"

"तो म्हणतो तो तुझ्या मागे होता. माझ्या मते तो तेव्हा होडीतच होता."

मला हसू आलं. मग राग आला, पण कोणावर आणि कशासाठी, ते ठरेना. तिच्या जागी मी असते तर मीही हो म्हटलं असतं. मग ती भिंत, तो हात, ते उजळलेलं पाणी मी कुठून आणलं? सर्फिंगचे इतके व्हिडिओ पाहिले होते. त्यातलं एखादं असेल. किंवा नसेलही.

"जवळ येऊ का?" तिने विचारलं. अंतराच्या नियमात ते बसत नव्हतं. आम्ही दोघीही क्षणभर घुटमळलो, आणि मग मीच सरकले. ती माझ्या खांद्यावर हात टाकून मला धरून बसली, तशी अवघडूनच. खाली एक माणूस कुत्र्यासाठी पाण्यात काठी फेकत होता. कुत्रं आणत होतं.

शाळा नीट सुरू झाल्यावर मुलगी पुन्हा डचवर गेली. आता मला सगळं कळतं, म्हणून तक्रार करायला जागा नाही. तरी कधी ती झोपेत असताना मी दार लावते आणि मला तिचं "लावतो" ऐकू यावंसं वाटतं. डोकेदुखी गेली. ऐन वेळी एखादा साधा शब्द अडतो, किल्लीला कुलूप म्हणते. मी पुन्हा पाण्यात जाते, हेल्मेट घालून, किनाऱ्याजवळच्या मातकट लाटांत. मैत्रीण बरोबर असते. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही.

गेल्या महिन्यात तिच्या भावाचा मेसेज आला. बेटावरचे जुने फोटो सापडलेत, त्यात त्या दिवसाचेही काही आहेत, पाठवू का? मी तो मेसेज नवऱ्याला दाखवला. "मागव की," तो म्हणाला. मी हो लिहिलं, खोडलं, नको लिहिलं, तेही खोडलं. मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही.