टाच भरेपर्यंत

दिराच्या आधी मला मरायचं नाही, म्हणून मी औषध घेते. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. मी हसले नाही.

भूकंपात माझा नवरा गेला. किल्लारीच्या बाजूचं आमचं गाव, सगळं आडवं झालं. माझा पाय मोडला होता. लहान लेकीला घेऊन मी लातूरला दवाखान्यात, मग ओळखीच्यांच्या ओसरीवर पडून राहिले. पुढं नव्या गावठाणात घरं वाटली, तेव्हा दिरानं साहेबांना सांगितलं, "वहिनी माहेरी गेल्या. त्या आता काय परत येत न्हाईत." माझं घर त्यानं स्वतःच्या नावावर चढवलं. मी कुबड्या टेकत गावात गेले, तर माझी धाकटी जाऊ माझ्या घराच्या दारात तूर पाखडत बसलेली. "चहा घेता का?" म्हणाली. पाहुणीला विचारावं तसं.

मी चहा घेतला नाही. लातूरला परतले आणि खाणावळ घातली. शिकवण्यांचं पेव तेव्हा नुकतं फुटत होतं. डॉक्टर व्हायला गावोगावची पोरं यायची, पाठ म्हणत म्हणत जेवायची, भाजी संपली तरी कोरडी भाकरी चावत राहायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यांचं काही मला कळायचं नाही. पण त्यांच्या जेवणावरच मी लेक वाढवली, तिला नांदेडला दिली, दोन खोल्या बांधल्या. राग मात्र गेला नाही. मी तो जाऊ दिला नाही.

मग मोठ्या आतड्यात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी काळजावरही, म्हणजे लिव्हरवर, डाग दिसले.

डॉक्टर तरुण होता, लातूरलाच शिकलेला. "तिथल्या खाणावळीतलं वरण म्हणजे हळदीचं पाणी," म्हणाला.

"माझ्याकडं आला न्हाईत म्हणून," मी म्हणाले. "आता सांगा, आतड्यातली काळजात कशी गेली?"

त्यानं नीट सांगितलं. "आजी, गाठ बारीक असते तोवर जवळच्या रक्तावर भागवते. वाढली की तिचं भागत नाही. मग ती निरोप धाडते."

"कोणाला?"

"आसपासच्या रक्तवाहिन्यांना. इकडं फाटा काढा म्हणून. त्यांना नवे फुटवे येतात, ते थेट गाठीत शिरतात. तिला खायला मिळतं, आणि त्याच वाटेनं तिचे कण बाहेर पडतात. तुमच्या काळजात तशीच गेली. पांढरट पाण्याच्या दुसऱ्या नळ्या असतात शरीरात, त्यांना ती वेगळा निरोप धाडते. काखेत-जांघेत अवधाण येतं ना, तसल्या गाठी पोटातही असतात. त्यांच्यात ती या नळ्यांतून शिरली होती. त्या आम्ही काढल्या."

"आणि शरीर तिचं ऐकतं?"

"ऐकतं. जखम भरायची असली की शरीर स्वतः हाच निरोप देतं. त्यामुळं त्याला वाटतं, हा आपलाच."

मला दीर दिसला. त्यानंही साहेबांना घरच्याच माणसाच्या आवाजात सांगितलं होतं.

"एक औषध आहे," डॉक्टर म्हणाला. "केमोबरोबर सलाईनमधून द्यायचं. रक्तवाहिन्यांचा निरोप अडवतं."

"उपाशी मारतं तिला?"

"मारेलच असं नाही. पण तिचे हात आखडतात. लागू पडलं तर पुष्कळ दिवस मिळतात."

"मग आजच द्या."

त्यानं मला तपासायला घेतलं. पाय बघितले आणि थांबला. "टाचेला काय केलं?"

"बिब्बा भरला." थंडीत टाचा फुटल्या की बिब्बा दिव्यावर धरायचा आणि गरम तेल भेगेत सोडायचं. आमच्याकडं सगळ्या बायका सोडतात. या खेपेला ते उतलं होतं. कातडं गेलं, आतलं लाल दिसत होतं.

"मग हे औषध आता देता येत नाही. ते जखमेचाही निरोप अडवतं. टाच कधीच भरणार नाही, चिघळत जाईल."

"चिघळू द्या. मला कुठं चालत जायचंय?"

"आधी टाच, आजी. केमो सुरू करतो. हे थांबेल."

लेकीसमोर मी त्याला नाही नाही ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि औषध दिलं नाही. शत्रू पोटात बसून जेवत होता, आणि मी खाटेवर पाय वर करून, टाचेला पट्टी बांधून त्याच्याकडं बघत होते.

तेवढ्यात दीर भेटायला आला. केळी घेऊन. नांदेडला, जिथं केळीचे ट्रक भरून बाहेर जातात, तिथं.

"वहिनी, लई वाळलाव."

"तुम्ही बरे भरलाव, भावजी."

तो डोळे पुसत बसला. "मागचं मनात ठेवू नका आता."

"का? आता काय झालं?"

"न्हाई, म्हणजे... काही इच्छा असली तर सांगा. तुमच्या लेकीसमोर सांगायलोय, पुरी करतो."

मी जाणार असं त्यानं धरलं होतं. मरणाऱ्या माणसाला शब्द द्यायला काय जातं?

"माझ्या घरात राहायचंय," मी म्हणाले. "टाच भरेपर्यंत."

लेक म्हणाली, "माय, काहीतरीच काय?" दीर माझ्या सुजल्या पायाकडं बघून म्हणाला, "हाव, चला की. तुमचंच हाय." तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे निघालं. जावई ऐकत होता, शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत होती.

मी गेले. पुढची खोली घेतली, पंख्याखालची. केमोची खेप आली की दीर मला नांदेडला न्यायचा. रोज सकाळी जाऊ खाली बसायची, माझा पाय मांडीवर घ्यायची, टाच कोमट पाण्यानं धुवायची, मलम लावायची. "अक्का, दुखतंय का?" विचारायची. दुखत नसलं तरी मी हाव म्हणायचे. पाणी गार झालं म्हणून परत तापवायला लावायचे. मला कीव आली नाही. उंबऱ्यावरची ती तूर मला दिसायची, आणि टाच बरी होत चालली याचं बरं वाटायचं.

टाच भरली. गुलाबी कातडं आलं. औषध सुरू झालं. मी काही परत गेले नाही, आणि जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

परवा नांदेडला दीर डॉक्टरांना दाराआड घेऊन विचारत होता, "साहेब, आता अजून किती दिवस?" मला ऐकू येतं हे त्याला अजून कळलेलं नाही.

"औषध छान लागू पडलंय," डॉक्टर म्हणाला. "डाग आकसलेत. तुम्ही चांगली काळजी घेता. अशीच घ्या."

परतीच्या जीपमध्ये मी दिराला खिडकीजवळची जागा मागितली. तो उठला.