रेडिओला चार बोटं हवा

बोंबील वाळत घालताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात. एक ओढलात की दुसरा आलाच! आमच्या रेडिओच्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगायला घेतली की मागची आपोआप येते, नको असली तरी येते. म्हणून आज सगळी वलांडीच, म्हणजे बोंबलांची अख्खी दोरीच, काढून ठेवते.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सुकी मासळी बांधायच्या रद्दीवर अक्षरं शिकले. तेव्हा ज्याला माझ्या चुका काढायच्या असतील त्याने आधी एक टोपली कोलंबी सोलून दाखवावी, मग बोलावं.

•

साठ सालाच्या अलीकडे-पलीकडे आमच्या कोळीवाड्यात वीज आली आणि धर्माने मुंबईहून जुना रेडिओ आणला. धर्मा म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायला मी कधी लाजले नाही. रेवसच्या लाँचमध्ये तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन आला.

गाण्यांसाठी नव्हे हो! संध्याकाळी त्यावर दर्याची खबर सांगायचे. वारा कुठला, वादळ आहे का, होडी काढायची की नाही. धर्मा होडीचा तांडेल, त्याच्या हाताखाली आणखी तिघे असायचे, चौघांचे जीव त्याच्या शब्दावर. तो म्हणायचा, "बंदरावर वादलाचा बावटा चढतो तवर आपन खोल पान्यात. ह्यो आदल्या सांजेलाच सांगतो!"

पहिल्याच संध्याकाळी माझ्या सासूने, आम्ही तिला आय म्हणायचो, सेटला हळदकुंकू लावलं, वरून मायेने हात फिरवला आणि दचकली. "अगो कमळे, याला ताप आलाय!"

मी येते तोवर ती ओली पट्टी घेऊन हजर. सेटला कपाळ कुठे ते शोधत होती!

•

ताप खरंच होता. त्या सेटांत काचेचे दिव्यासारखे व्हॉल्व्ह असायचे, चुलीतल्या निखाऱ्यासारखे तापायचे. त्यात आमच्या ओटीवर दुपारनंतर ऊन. ऊन लागतं म्हणून धर्माने सेट भिंतीतल्या कोनाड्यात बसवला. अगदी घट्ट, मापात! आठ दिवसांत डांबर जळाल्यासारखा वास आणि सेट गप्प.

अलिबागला रेडिओवाला इस्माईलभाई होता. त्याने मागचा पुठ्ठा काढला, आत वितळलेलं मेण दाखवलं. "तांडेल, माणसाला पेटीत घालून झाकण लावलं तर तो बोलेल काय? चारी बाजूला चार बोटं हवा ठेवा."

धर्मा मान हलवत होता. मी मात्र पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला, कुठला दिवा कुठे ते दाखवणारा कागद अक्षर-अक्षर लावून वाचत बसले.

"बाई, ते तुम्हाला नाही समजणार," इस्माईलभाई म्हणाला.

पुढच्या खेपेला सेट बिघडला तेव्हा मीच त्याला सांगितलं, "डावीकडचा दुसरा दिवा पेटत नाही, तो बघा." बघितला. तोच निघाला! तेव्हापासून तो मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला. मी ते नाव मिरवलं. खोटं कशाला बोलू?

•

मग माझे कायदे सुरू झाले. सेट भिंतीपासून चार बोटं पुढे. वर काही ठेवायचं नाही. पाण्याचा तांब्या दोन हात लांब. बातम्या संपल्या की बंद. पुठ्ठ्याच्या भोकांवरची धूळ कोंबडीच्या पिसाने झाडायची. गार झाल्याशिवाय कापड घालायचं नाही.

शाळामास्तरांच्या मास्तरीणबाईंनी क्रोशाचं कव्हर विणून आणलं. मोर होता त्यावर, पिसाऱ्यासकट. सेट चालू होता आणि बाईंनी वरून घातलं की! मी ते तिथल्या तिथे ओढून काढलं. "मास्तरीणबाई, वैशाखात तुम्ही तोंडावर गोधडी घेऊन झोपता काय?"

बाई तरातरा निघून गेल्या. शिमगा झाला, नारळी पुनव झाली, बोलल्या नाहीत. मोर मात्र मी जपून ठेवला. गार सेटला रोज घालत होते!

•

शेजारचे पांडूतात्या म्हातारे, होडी सोडलेली, पण बातम्यांना पहिले हजर. पावसाळ्यात त्यांचे सुक्या कोलंबीचे सोडे दमट पडले. सेटचा माथा कोमट असतो हे त्यांनी हेरलं आणि माझी पाठ वळताच मूठभर सोडे वर पसरून ठेवले.

बातम्या अर्ध्यावर आल्या आणि ओटीभर भाजल्या सोड्यांचा वास. धर्मा डोळे मिटून म्हणाला, "तात्या, आजच्या बातम्या लय खमंग हायत!"

मी फणा काढला. तात्या सोडे गोळा करता करता पुटपुटले, "हिच्यापरीस दर्या बरा. तो कवातरी शांत असतो."

धर्मा इतका हसला, इतका हसला! त्याचं ते हसू अजून कानात आहे. म्हणून हा किस्सा मी सगळ्यांना सांगते. पुढचा कधी कोणाला सांगितला नव्हता.

•

आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आधीचे दिवस. होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आधी शेवटच्या एक-दोन खेपा व्हायच्या. ऊन असं की वाळूत पाय ठेववत नव्हता. मी टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात गेले होते. घरी आय एकटी. करमेना म्हणून तिने सेट लावला आणि बंद करायचा कसा ते तिला येईना.

सेट तापला. आयने हात लावून पाहिला. आता आम्ही कोळणी. जन्मभर उन्हापासून काही वाचवायचं म्हणजे आम्हाला एकच ठाऊक. ओलं गोणपाट! तिने मासळीवर घालतात तसं निथळतं गोणपाट सेटवर घातलं. चारी बाजूंनी नीट खोचलं. तिच्या हाताला सवयच ती.

मी आले तेव्हा पुठ्ठ्यातून पाणी ठिबकत होतं. आत काच तडकलेली.

"आय, काय केलंस गो हे?"

"हलू बोल," ती म्हणाली. "लय तापला व्हता बिचारा. आताच डोला लागलाय त्याचा."

मी गोणपाट उचललं आणि मागच्या दारी पिळलं. धर्माला सांगितलं, "दिवा गेला." तेवढंच.

इस्माईलभाई म्हणाला, "मुंबईहून यायला आठ दिवस."

•

सहाव्या दिवशी धर्माने जाळी होडीवर चढवली.

"दिवा येऊ द्या," मी म्हटलं. "दोन दिवसांचा तर प्रश्न."

"आभाळ बघ कसं धुतल्यावानी हाय." होडीत पाय टाकून तो हसला. "तुजा रेडिओ मुका झाला म्हनून काय दर्या मुका व्हतो?"

दर्या मुका झाला नाही. दुसऱ्या दुपारी असा काही बोलला की माडांचे शेंडे वाळूला लागले. तीन दिवसांनी होडीवरचे दोघे मुरूडच्या बाजूला किनाऱ्याला लागले, जिवंत. धर्मा लागला नाही. चौथाही नाही.

मास्तर त्या आठवड्यात अलिबागला होते. ते येऊन सांगून गेले, "होडी निघायच्या आदल्या संध्याकाळी रेडिओवर बजावून सांगितलं होतं."

•

दहाव्याला ओटीवर माणसं जमली होती. पांडूतात्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सेट बिघडला तरी कसा? तू तर त्याला डोल्यांत तेल घालून जपत व्हतीस."

आय खांबाला टेकून बसली होती. तिने मान वर केली. काहीतरी आठवल्यासारखी.

मी म्हटलं, "माझ्याच हातून गेला. बंद करायला विसरले."

विहिरीवर बायका बोलल्या. "येवडी डॉक्टरीन, हिनंच जालला!" होडीवरच्या चौथ्याची बायको तर माझ्या सावलीतून जायची नाही. मास्तरीणबाई तेवढ्या आल्या आणि जवळ बसल्या.

दिवा त्याआधीच, ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी, आला होता. इस्माईलभाई स्वतः येऊन बसवून गेला होता. मिनिटभराने सेट तापला आणि पहिलं वाक्य बोलला की दर्या शांत आहे. मी कान पिळून बंद केला.

•

आय त्यानंतर सात वर्षं जगली. डोळे गेले, मग एकेक आठवण गेली. धर्मा गेला हेही गेलं. संध्याकाळी ती भिंत चाचपत ओटीवर यायची आणि सेटच्या माथ्यावर हात ठेवायची. माथा गरम लागला की तोंड उजळायचं.

"गरम हाय. आताच धर्मा आयकून उठला वाटतं. खाली होडीपाशी गेला असंल."

"व्हय आय, आताच."

मग ती गुमान चार घास जेवायची. गार लागला तर जेवायची नाही. "आला न्हाय अजून" म्हणत दाराकडे तोंड करून बसून राहायची.

म्हणून मी सेट लावून ठेवायला लागले. तास तास. मी! कायदे करणारी! कधी तर तापावा म्हणून वर मोरही घालायची. दोन दिवे जाळले मी असे. इस्माईलभाईने पुठ्ठा काढून नुसतं माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाई, तुम्ही?" मी म्हटलं, "नवा घाला."

शेवटच्या वर्षी पावसात तारा तुटल्या आणि कोळीवाड्यातली वीज गेली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. सेट दगडासारखा थंड. आय दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी मी तव्यावर जाडं मीठ भाजलं, गुडघे शेकायला करतो तशी फडक्यात पुरचुंडी बांधली आणि सेटच्या माथ्यावर ठेवली. आय भिंत धरून येताना दिसली तशी उचलून पदराखाली घेतली.

तिने हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कमळे," ती म्हणाली, "आज लय वेल बसला व्हता गो."

"व्हय आय."

"मंग ताट वाढ. आनि याच्यावर ते ओलं गोनपाट घालू नको हां. मागं मी घातलं व्हतं."