उत्तमरावांचं वाक्य प्रोसिडिंगमध्ये

शिवलिंग आप्पांनी माझ्या हातातला माईक ओढून घेतला तेव्हा ग्रामसभा सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती. पहिला विषयही अजून वाचून झाला नव्हता.

मी ग्रामसेवक. तेरजवळच्या त्या गावात नुकतीच बदली झाली होती. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. आईवडिलांनी कष्टानं शिकवलं, त्यामुळं नोकरीत चूक होऊ नये म्हणून फार जपायचो. त्या दिवशी पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची होती. ठराव दुसऱ्याच दिवशी पंचायत समितीत द्यायचा होता. सभा तहकूब झाली, म्हणजे पुढं ढकलली गेली, तर टाकी दुसऱ्या गावाला जाणार होती.

वरची गल्ली म्हणे टाकी वर, खालची म्हणे खाली. सगळे एकदमच बोलत होते. मी माईकचा आवाज वाढवला. लोकांनी आपापला वाढवला. मग वरच्या गल्लीच्या आप्पांनी माईकच घेतला.

अध्यक्ष होत्या सरपंच कमलताई, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्या उठल्या, साऊंडवाल्याला मशीन बंद करायला लावलं आणि मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, कोण काय बोलतंय ते नावासकट प्रोसिडिंगला घ्या. आन लगेच वाचून दाखवा."

प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त. एरवी त्यात आम्ही ठराव आणि 'सर्वानुमते मंजूर' एवढंच लिहितो. मी कानावर पडलं ते पहिलं वाक्य लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"श्री. उत्तमराव म्हणाले, वरच्या गल्लीची अक्कल गुडघ्यात हाय."

सभा हसली. खालच्या गल्लीचे उत्तमराव अर्धे उठले.

"ओ भाऊसाहेब, ते कशाला लिवलं? खोडा."

"प्रोसिडिंगला खाडाखोड चालत न्हाय," ताई म्हणाल्या. "शेवटी सही बी करायचीय तुमाला. आता त्याच्याखाली काय लिवायचं, ते सांगा."

मग उत्तमराव सावकाश, मला लिहिता येईल असं बोलले. "लिवा. टाकी वर झाली की पाणी आधी वरचे घेतेत. आमच्या नळाला नुसती हवा येती. मागं बी असंच झालं."

आप्पा मध्येच सुरू झाले.

"आप्पा, भाऊसाहेबाला लिवायला एकच हात हाय," ताई म्हणाल्या. "त्यांचं झालं की तुमचं."

आप्पा चक्क थांबले. पाळी आल्यावर म्हणाले, "खाली बांधली तर पाणी वर कसं चढंल? उंचावरच पायजे."

दोघांचंही खरं होतं. पंधरा मिनिटांत ते एकमेकांना ऐकूच गेलं नव्हतं.

"मग टाकी वर," ताई म्हणाल्या. "दोन्ही गल्ल्यांना वेगळा व्हॉल्व. आन सकाळी आधी खालचा सुटंल. काय आप्पा?"

आप्पांनी आपल्या माणसांकडं पाहिलं. "लिवा," ते म्हणाले.

हात वर झाले. ठराव मंजूर झाला. उत्तमरावांनी सहीआधी आपलं पहिलं वाक्य दोनदा वाचलं.

"हे तालुक्याला जाणार व्हय?"

"नक्कल फक्त ठरावाची जाते," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं सही केली.

टाकी वर बांधली गेली आणि सकाळी आधी खालचा व्हॉल्व सुटतो. आपलं म्हणणं कुणीतरी लिहून घेतंय हे दिसलं की माणूस ओरडत नाही, हे मला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. ते कमलताईंनी शिकवलं. हल्ली सभेला जाताना मी साऊंडवाल्याला फोन करत नाही. खिशातली दोन पेनं चालतात ना, ते मात्र तपासून घेतो.