दूधभातावर वाढलेलं पिल्लू

खून, दरोडे, कारखान्यांतल्या भंगारचोऱ्या असं सगळं पाहून मी निवृत्त झालो. तरी कुठल्या लग्नकार्यात कोणी बाजूला येऊन बसलं आणि "साहेब, एखादी केस सांगा की" म्हणालं, की माझ्या डोळ्यांपुढे आधी येते ती एक कापडी पिशवी आणि तिच्यातून बाहेर आलेलं एक मलूल नाक. ऐकणाऱ्याची निराशा होते हे मला दिसतं, त्याला रक्त हवं असतं. मी तरीही हीच सांगतो, कारण ती मिटली त्या दिवशी मी जेवढा हलका होऊन घरी गेलो तेवढा नोकरीत फार क्वचित गेलो असेन. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून याच भागात राहतात.

तेव्हा माझी नेमणूक बोईसरला होती. औद्योगिक वसाहतीचं ठाणं म्हणजे सकाळपासून जत्रा. ठेकेदाराने पगार दिला नाही म्हणून हिंदीत तावातावाने बोलणारे कामगार, मोबाइल हरवल्याचे दाखले, भाडेकरूंची नोंद. त्या गर्दीत एक आजोबा ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बराच वेळ उभे होते. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, छातीशी धरलेली पिशवी. कुत्र्याचं प्रकरण पोलिसांकडे का आणलं, म्हणून अंमलदाराने त्यांना परत पाठवायचा प्रयत्न केला होता, पण ते जागचे हलले नाहीत. शेवटी मीच त्यांना आत बोलावलं.

"मला गुन्हा नोंदवायचा नाही साहेब," बसता बसता ते म्हणाले. "मी फसलो की नाही, एवढं मला कळलं पाहिजे."

आजोबा मूळचे घाटावरचे. तारापूरच्या एका कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून ते खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर नाही. सुनेनेच हट्ट धरला की घरात कुत्र्याचं पिल्लू आणू या. मुलाने फोनवर जाहिरात शोधली आणि तिघं सफाळ्याच्या आतल्या एका गावात पिल्लू बघायला गेले. लॅब्राडोरची पिल्लं होती, धुतलेली, पुसलेली. त्यांतलं एक सरळ आजोबांच्या चपलेवर येऊन झोपलं. तेच घ्यायचं ठरलं.

पण पिल्लू घेताना त्याची आई बघावी, असं मुलाला जनावरांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आई कुठे आहे विचारल्यावर विकणारी बाई म्हणाली, तिला डॉक्टरकडे ठेवलंय. मुलगा म्हणाला, चला, इथे काहीतरी गडबड आहे. आजोबा म्हणाले, ही बाई मला खोटी वाटत नाही. त्यांनी तिला एकच विचारलं, हे खातं काय? बाईने त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं आणि म्हणाली, "दूधभात, आजोबा. दूधभातावरच वाढलंय."

पिल्लू घरी आलं आणि त्याने दूधभाताला तोंडच लावलं नाही. बळेच पाजलेल्या दुधाने पोट बिघडलं. मग शाकाहारी डॉगफूड आणलं, पोळी कुस्करून घातली. त्यालाही ते शिवेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आजार काही सापडला नाही. सलाइन लावलं, पण स्पष्टही सांगितलं की आता स्वतःहून खाल्लं नाही तर हे जगणार नाही. तिकडे ती बाई फोन उचलेना.

"मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला आता माणसं कळत नाहीत," आजोबा म्हणाले. "चोरीचं पिल्लू तुमच्या गळ्यात मारलं म्हणतो. असेलही साहेब. पण हे गेलं तर माझं काय होईल, ते मलाच सांगता येत नाही." पिशवीतलं पिल्लू त्यांच्या अंगठ्यावर नाक टेकवून पडलं होतं. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हतं.

मी त्यांचा अर्ज चौकशीवर घेतला. आमचा हवालदार मिशीतल्या मिशीत हसला. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आता कुत्र्यांचे जबाब घेणार का?" पण त्याच सुमारास पालघर-बोईसरच्या सोसायट्यांतून जातिवंत पिल्लं नाहीशी झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि मुलाचा संशय अगदीच हवेतला नव्हता. मी खबऱ्यांना कामाला लावलं.

दुसऱ्याच दिवशी खबर आली ती सफाळ्याच्या एका रिक्षावाल्याकडून. "सायेब, एक बाय येते माहीमकडनं. डोक्यावर टोपली, वर ओला फडका. लोकांना वाटतं मासली हाय. एकदा माज्या रिक्षात बसली तर टोपलीतनं कुं कुं आवाज. मी इचारलं तर म्हणते, गप चालव." बाई रेल्वेने केळवे रोडहून सफाळ्याला येते, नणंदेच्या घरी उतरते, आणि गिऱ्हाइकं तिथेच बोलावते, एवढं त्याने नक्की सांगितलं.

आता तुम्हीच बघा. आई दाखवत नाही, फोन उचलत नाही, पिल्लं झाकून आणते, स्वतःच्या घरी कोणाला येऊ देत नाही. पोलिसाच्या डोक्यात यातून एकच चित्र उभं राहतं, आणि माझ्याही डोक्यात तेच उभं राहिलं. हवालदाराचं हसू थांबलं.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या दारात जावं लागतं. हे माहीम मुंबईचं नव्हे, पालघरजवळचं किनाऱ्यावरचं गाव; ते आमच्या हद्दीत नव्हतं, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं, महिला शिपाई सोबत घेतली, आणि ओळख पटवायला पिल्लासह आजोबांनाही गाडीत बसवलं. वाटभर ते पिशवीवर हात फिरवत होते.

बाईचं घर किनाऱ्याजवळच होतं. अंगणात बांबूंच्या उभ्या-आडव्या वलांडीवर बोंबील वाळत टाकलेले, खाली जाळ्यावर सुकट पसरलेली. ज्याने तो वास घेतलाय त्याला सांगायला नको आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. आजोबा फाटकातच थबकले, पण नाकाला रुमाल लावला नाही. हे बाईने पाहिलं, असं तिनेच नंतर सांगितलं.

पोलीस पाहून ती पांढरीफटक पडली. मी ओसरीवर बसलो आणि विचारायला सुरुवात केली. जबाब घेताना माझी पद्धत अशी की उत्तर मला आधीच ठाऊक आहे ते प्रश्न आधी विचारायचे. खोटं बोलणारा माणूस तिथेच उघडा पडतो.

"सफाळ्याला घर कोणाचं?"

"नणंदेचा."

"पिल्लं तिथं जन्मली?"

"होय... नाय. म्हंजे हितंच."

"मग टोपलीत झाकून तिकडे का नेलीस?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पिल्लांची आई दाखव."

"ती नाय आता. डागदरकडं हाय."

ती खोटं बोलतेय हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. घरामागून कुत्रं भुंकल्याचा आवाज मला आत येतानाच आला होता. "बाई, आई नसेल तर पिल्लं चोरीची धरावी लागतील," मी आवाज चढवला. "मग मला पंचनामा करावा लागेल, आणि पुढचं तुला माहीत आहे." तिचे डोळे भरून आले. "आमी चोर नाय सायेब," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तेवढ्यात आजोबा म्हणाले, "अहो, हे बघा."

पिशवी हलत होती. आतापर्यंत मान न उचलणारं ते पिल्लू पिशवीच्या काठावर पुढचे पाय टाकून धडपडत होतं. आजोबांनी पिशवी जमिनीला टेकवली. पिल्लू बाहेर आलं, लटपटलं, एकदा तोंडावर पडलं, उठलं आणि वलांडीच्या खालून सरळ घराच्या मागच्या अंगाला गेलं. आम्ही सगळे त्याच्यामागे. मागे पडवीत एक धिप्पाड लॅब्राडोर कुत्री बांधलेली होती. तिच्यापुढे ॲल्युमिनियमच्या थाळीत भात होता, वर बोंबील उकडल्याचं पाणी आणि कुस्करलेली सुकट. पिल्लाने आईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थाळीत तोंड घातलं ते घातलंच. आई त्याचं अंग चाटत होती आणि ते खात होतं. खाताना गुरगुरतही होतं, आमच्यापैकी कोणी वाटा मागेल म्हणून असावं.

आजोबा तिथेच उकिडवे बसले. महिला शिपाईने तोंड दुसरीकडे फिरवलं. हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, आरोपी सापडला."

मग बाई बोलायला लागली. तिने पिल्लं विकायला सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाइकं माहीमलाच यायची. एकदा बोईसरहून एक कुटुंब आलं, चांगली गाडी. दार उघडलं, वास आला, आणि ती माणसं नाकाला रुमाल लावून गाडीतच बसून राहिली. "पिल्लू बघितला पण नाय सायेब. तशीच फिरली. माजी पोरगी हौसेनं पिल्लू हातात घेऊन उभी होती." दुसऱ्या एकीने फोनवर विचारलं की कुत्रा शाकाहारी आहे ना. तेव्हापासून बाईने ही तऱ्हा काढली. पिल्लं आधी सफाळ्याला न्यायची, साबणाने धुवायची, तिथेच दाखवायची. आईच्या अंगाला येणारा वास काही केल्या जात नसे, म्हणून आई दाखवायची नाही. टोपलीवर फडका टाकायचा तो उन्हासाठी.

"आणि दूधभात?" मी विचारलं.

"तिथं पण खात नव्हती. मंग मी भातावर बोंबलाचा पाणी शिंपडायची." तिने डोळे पुसले. "मला वाटला, तुमच्याकडं गेल्यावर भूक लागंल तवा खाईल. मंग तुमचा फोन आला, आनी मी भ्याले. एकदा उचलला नाय, मंग परत उचलायची हिंमत नाय झाली."

आजोबा तिच्याकडे बघत होते. "मला खरं सांगितलं असतंस तर?"

बाईने मान वर केली. "घेतला असता का तुमी?"

दुसरा एखादा तोंडदेखलं काहीतरी बोलून मोकळा झाला असता. "नसतं घेतलं," आजोबा म्हणाले. मग थाळीत लोळायला लागलेल्या पिल्लाकडे बघून म्हणाले, "बरं झालं तू खोटं बोललीस."

आणि ते हसले. बाई आधी दचकली, मग तीही रडता रडता हसायला लागली. तिने सगळ्यांना चहा केला. चहाच्या कपालाही बोंबलाचा वास होता. आजोबांनी तो सगळा प्यायला.

हवालदाराने विचारलं, "आजोबा, आता घरी कसं करणार? माळ आहे तुमच्या गळ्यात."

"माळ मी घातलीय," आजोबा म्हणाले, "त्याने नाही."

पुढचं सगळं कागदोपत्री. जबाब झाला, आजोबांनी अर्ज मागे घेतला, स्टेशन डायरीत नोंद झाली. बाईला मी सांगितलं की विक्रीची रीतसर नोंदणी करून घे, आणि यापुढे गिऱ्हाईक आलं की आधी आई दाखव, मग थाळी दाखव. ज्याला वास सोसणार नाही त्याला पिल्लूही सोसायचं नाही. सोसायट्यांतल्या पिल्लांचा तिच्याशी काही संबंध नव्हता, तो तपास वेगळ्या दिशेने गेला.

त्यानंतर नवीन पोरं भरती होऊन हाताखाली आली की त्यांना मी एक गोष्ट सांगायचो. जबाबात खोटं सापडलं की लगेच बेडी काढू नका. माणूस काय लपवतोय ते आधी बघा. चोर चोरी लपवतो, पण साधी माणसं लाज लपवतात, आणि दोघांच्या कपाळावर घाम सारखाच येतो. त्या बाईने लपवलं होतं ते तिच्या घरचं रोजचं जेवण. आजोबांनी माणूस बरोबर ओळखला होता, फक्त तिच्या थाळीत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा पालघरच्या एसटी स्टँडवर ते मला भेटले. हातात कुत्र्याची साखळी नव्हती, म्हणून मी आधी कुत्र्याचंच विचारलं. पण ते खुशीत होते. कुत्रा घरी सुनेपाशी होता, चांगला धष्टपुष्ट झाला होता आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना ओढत तलावापर्यंत नेत होता. ते माहीमहून येत होते. डॉक्टरला विचारून बिनमिठाची सुकट ठरली होती आणि ती त्या बाईकडूनच आणायची असा त्यांचा शिरस्ता पडला होता. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, तोंड सुतळीने आवळलेलं. वास तरीही येतच होता.

"अहो, बसमध्ये लोक आधी वास घेतात, मग माझी माळ बघतात, मग पिशवी बघतात," ते म्हणाले. "आज एक बाई शेजारच्या जागेवरून उठून गेली. तिला नक्की वाटलं असणार, म्हातारा गुपचूप खातो."

"मग सांगायचं ना तिला, कुत्र्यासाठी आहे म्हणून."

"सांगणार होतो," आजोबा म्हणाले. "मग म्हटलं, राहू दे. टोपलीवर फडका टाकून माहीमची बाई कशी बसत असेल रिक्षात, ते मलाही एकदा कळू दे."

त्यांची बोईसरची गाडी लागली. ते पिशवी छातीशी धरून चढले आणि खिडकीशी बसले.