मेजरसाहेबांची जीभ

गावात त्यांना सगळे मेजरसाहेब म्हणत, आणि त्यांनी किती लढाया मारल्या याचा आकडा दरवर्षी वाढत असे. खरं सांगायचं तर बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी शत्रूचं तोंडही पाहिलं नव्हतं. ते रसदीच्या खात्यात होते. कांदे, बटाटे, पीठ आणि रॉकेल डोंगरावरच्या चौक्यांना वेळेवर पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. हे ते मोकळेपणानं सांगत. लोक त्याला विनय म्हणत आणि आणखी एक लढाई त्यांच्या नावावर चढवत. शेवटी साहेबांनी सांगणंच सोडून दिलं.

निवृत्तीनंतर लोकांनी त्यांना नगराध्यक्ष केलं, तेव्हा निम्मं गाव पोटाच्या दुखण्यानं आडवं झालं होतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अशी नगरपालिकेची रीत. तिनं दवाखान्याला नवा रंग दिला होता. साहेबांनी पलटणीतला एक नियम उचलून आणला. जवानांना वाढण्याआधी जेवणाची चव अधिकाऱ्यानं घ्यायची, तसं गावाला सोडण्याआधी पाणी नगराध्यक्षानं प्यायचं. रोज सकाळी सहा वाजता टाकीवर जायचं, पेलाभर पाणी प्यायचं, नोंदवहीत शेरा लिहून सही करायची. सही झाली तरच व्हॉल्व्ह उघडायचा. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी चारदा 'वास येतो' असा शेरा मारून पाणी अडवलं, टाकी धुऊन घेतली, आणि दुखणी पळाली. मग त्यांच्या जिभेवर गावाचा इतका विश्वास बसला, की पाणी तपासायचं यंत्र आलं ते खोक्यातच राहिलं. बारा वर्षं हा नेम चुकला नाही.

फक्त शेवटची दोन वर्षं त्या जिभेला काही कळत नव्हतं, आणि हे त्यांच्या बायकोशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

अंगावर काढलेल्या एका तापातून साहेब बरे झाले, ते नाक आणि जीभ दोन्ही गमावून. एकदा बाईंच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. साहेब अख्खा कप प्यायले आणि "झकास!" म्हणाले. बाई बघतच राहिल्या. मग साहेबांनीच मान खाली घातली.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "लोकांचा धीर सुटेल."

बाई बोलल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मात्र त्या दिवसापासून साहेब टाकीकडे निघाले, की घरात पाण्याचं पातेलं उकळायला चढू लागलं. गावाला हा सल्ला द्यायची सोय नव्हती. गावात पोटं पुन्हा दुखू लागली होती, पण वहीत साहेबांची सही होती, तेव्हा डॉक्टरांनी दोष हवेला दिला.

मंगळवारी दुपारी साहेब पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले. अंत्ययात्रेला सारं गाव लोटलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं झालं. कालपर्यंत ज्यांनी त्यांना हट्टी म्हातारा म्हटलं, तेच आता गळा काढून शौर्याच्या गोष्टी सांगत होते. बाई कोरड्या डोळ्यांनी ऐकत होत्या.

बुधवारी सकाळी उपाध्यक्ष भेटायला आले, हातात विकतच्या पाण्याची बाटली. पाठोपाठ व्हॉल्व्हवाला दारात उभा राहिला.

"माफ करा बाईसाहेब, पण सही नाही. पाणी कसं सोडू? बायका घागरी घेऊन उभ्या आहेत." मग तो उपाध्यक्षांकडे वळला. "साहेब, आज तुम्हीच प्या की."

"माझं पोट जरा नाजूक आहे रे," उपाध्यक्ष म्हणाले. मग त्यांना सुचलं. "वहिनी, आपण असं करू. साहेबांचा तो पेला काचेच्या कपाटात ठेवू, सभागृहात. आणि हा नियमही त्यांच्याबरोबरच सन्मानानं निवृत्त करू."

बाईंनी चपला घातल्या. "पेला अजून कामाचा आहे," त्या म्हणाल्या. "चला, मी पिते."

टाकीवर त्यांनी पेला तोंडाला लावला. पाण्याला चार दिवस ओल्या राहिलेल्या फडक्याचा वास होता. तरी त्यांनी एक घोट गिळला. वही उघडली. पानापानावर साहेबांचं रेखीव अक्षर : 'पाणी उत्तम. सोडावे.'

त्यांचा हात थांबला, तसं उपाध्यक्षांनी ओळखलं. ते काही दुधखुळे नव्हते.

"वहिनी, कालपर्यंत साहेबांनी उत्तम लिहिलंय," ते हळूच म्हणाले. "एका दिवसात पाणी नासतं का?"

"नाही नासत."

"मग? लोक विचारतील ना, आधीचं काय. साहेबांच्या नावाचा तरी विचार करा."

बाईंनी तो केला. बारा वर्षांत त्या माणसानं कमावलेलं एवढंच होतं, ते नाव. ते वाचवायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द वरच्या ओळीत तयारच होता. मग बाहेर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांची कुजबुज त्यांच्या कानावर आली, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी लिहिलं : 'वास येतो. सोडू नये. टाकी धुवावी. साहेबांना दोन वर्षं चव कळत नव्हती. मला ठाऊक होतं.' खाली सही केली.

उपाध्यक्ष आपली बाटली घेऊन निघून गेले. व्हॉल्व्हवाल्यानं ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

"मला वर्षभर वास येतोय, बाईसाहेब," तो म्हणाला. "पण साहेब उत्तम म्हणत होते. म्हणून मी माझंच नाक दाखवायला डॉक्टरकडे जात होतो."

बाईंना आधी हसू आलं. मग मंगळवारपासून अडलेलं रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना.