गायकवाड बाई आणि तापणारे फूल

गायकवाड बाई कुठल्याही फुलाला आधी हात पालथा करून लावायच्या, पोराचा ताप बघतात तसा. शाळेतून निवृत्त झाल्यावर एकदा त्या माझ्या कामतघरच्या दुकानात आल्या. मी पॉवरलूमचे विजेचे पॅनल तपासतो. तापलेली वायर थर्मल कॅमेऱ्यात पिवळी दिसते, थंड ते सगळे निळे.

"भाऊ, कॅमेरा संध्याकाळचा हवाय. एका फुलाचा ताप बघायचाय."

"बाई, फुलाला कसला ताप?"

"याला येतो. शेवळाच्या, त्या रानभाजीच्या, जातीतले आहे, पण दुर्मिळ. उमलले की आतून तापते, त्या उबेने वास पसरतो आणि किडे येतात."

मी भाड्याची घासाघीस सुरू केली. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल ते भाडे. पण कॅमेरा धरायला तुम्हीच यायचे, माझा हात थरथरतो." मी भाडे न ठरवताच हो म्हटले.

वडपे गावाच्या मागे, गोदामांच्या वरच्या टेकडीवर, त्यांना त्या जातीचे एकच झाड सापडले होते. पहिल्या उन्हाळ्यात कळी आलीच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात आली. मी बजावले, "खालच्या पाड्यावर सांगून ठेवा. शेवळे काढायचे दिवस आहेत." बाई म्हणाल्या, "सांगितले की गर्दी होते. गुपितच बरे."

दुसऱ्या दिवशी गेलो तर देठ कापलेला. पायथ्याशी पाड्यावरची जानी शेवळांची टोपली घेऊन बसली होती. आमची कळी त्यातच. मी तिच्यावर ओरडलो. ती बाईंकडे बघून म्हणाली, "भाजीचं समजून कापलं. दोन वर्सं हितं फिरतेस बाय, एकदा तरी बोललीस? ठाव असतं तर राखलं असतं."

"तिचे बरोबर आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला टोपलीवर कॅमेरा धरायला लावला. सगळे निळे.

त्यानंतर बाई पाड्यावर घरोघर गेल्या, फुलाचे चित्र दाखवत. कंद जमिनीत शाबूत होता. थंडीत बाई वारल्या.

यंदा जानीचा फोन आला. "भाऊ, उमललंय. ये." पाड्यावरच्या बायांनी आजूबाजूची शेवळे काढली होती, याच्याभोवती मात्र काट्यांचे कुंपण घातले होते. अंधारून येत होते. निळ्या पडद्यावर तेवढेच पिवळे दिसले.

राग अजून जात नाही. माझे ऐकले असते तर बाईंनी हे बघितले असते. पण भांडायचे कुणाशी? दिवसभर पॅनल तपासून खांदे भरून आले होते. मी कॅमेरा खाली ठेवला आणि हात पालथा करून फुलाला लावला.

"हाय का ताप?" जानीने विचारले.

"हाय."